साठ पानं, कोळसा आणि व्हिन्सेंट

आजच्या भागाची सुरुवात एका प्रश्नाने करूया. चित्र काढायला बसलं की सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? बहुतेकांचं उत्तर एकच असेल: चेहरा आणि हात. डोंगर थोडा वाकडा आला तरी तो डोंगरच दिसतो. पण डोळा दोन मिलिमीटर वर गेला की माणूस वेगळाच होतो, आणि हाताची बोटं हुकली की केळ्यांचा घड तयार!

आजची गोष्ट हीच भीती पुस्तक समोर ठेवून घालवणाऱ्या एका माणसाची आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉग.

साल 1880. व्हिन्सेंट 27 वर्षांचा आहे आणि बेल्जियममधल्या बोरिनाज या कोळसा खाणींच्या भागात राहतोय. सोळाव्या वर्षी तो गूपिल या चित्रं विकणाऱ्या कंपनीत लागला होता, ती नोकरी 1876 मध्ये गेली. मग खाणकामगारांमध्ये धर्मोपदेशक झाला, तर 1879 मध्ये तिथेही मुदत वाढवून मिळाली नाही. घरचे हवालदिल. हातात पैसा नाही. अशा वेळी हा गडी ठरवतो की आता चित्रकार व्हायचं.

शिकवणार कोण? इथे पुस्तक येतं. शार्ल बार्ग नावाच्या फ्रेंच चित्रकाराने जेरोम या नामवंत चित्रकाराच्या साथीने एक चित्रकला अभ्यासक्रम तयार केला होता. 1866 ते 1871 या काळात तो छापला गेला. एकूण 197 शिळाछाप पानं, तीन भाग. पहिल्या भागात प्लास्टरच्या पुतळ्यांवरून काढलेले डोळे, कान, नाक, हात, पाय. दुसऱ्यात जुन्या उस्तादांची चित्रं. तिसऱ्यात कोळशाने गिरवायच्या नग्न मानवाकृती, 60 पानं. आणि प्रकाशक कोण? तीच गूपिल कंपनी! व्हिन्सेंटने हेगमधल्या आपल्या जुन्या साहेबांना, तेरस्तेख यांना, पत्र लिहून ही पानं मागितली. त्यांनी पाठवली.

आता बार्गची पद्धत समजून घ्या, कारण ती आजही वापरता येते. सुरुवातीच्या बऱ्याच पानांवर एकाच वस्तूची दोन रूपं असतात: एक नुसत्या रेषांचं, दुसरं शेडिंगसकट पूर्ण. त्या रेषा बघितल्या की गंमत कळते. गालाची किंवा बोटाची गोलाई थेट गोल काढलेली नाही, ती छोट्या-छोट्या सरळ रेषांमध्ये मोडलेली आहे. म्हणजे 'हात' काढायचाच नाही. आधी त्याचा बाहेरचा ढोबळ आकार, मग कोन, मग सावलीची कड, आणि बोटं सगळ्यात शेवटी. आपल्याला हात कसा असतो ते माहीत असतं ना, तीच खरी अडचण. आपण समोरचं बघत नाही, डोक्यातलं काढतो. बार्ग ती सवय मोडतो.

व्हिन्सेंटने ती साठ पानं गिरवली, आणि तेवढ्यावर थांबला नाही. लहानशी खोली, तीही घरमालकाच्या मुलांबरोबर, उजेड अपुरा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो ब्रुसेल्सला गेला, तिथे शरीररचनेचाही अभ्यास केला. हॉल्बाइनने काढलेल्या एका मुलीचा चेहरा त्याने बार्गच्या पानावरून 1881 मध्ये उतरवला, ती चित्रं आजही आहेत.

पण पुस्तकातले चेहरे आखीव-रेखीव होते आणि व्हिन्सेंटला शेतकरी काढायचे होते. 1884-85 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावात त्याने पन्नासेक डोकी रंगवायचा संकल्प केला. हातांचेही ढीगभर अभ्यास केले. त्यातून 1885 मध्ये 'पोटॅटो ईटर्स' झालं. दिव्याखाली बटाटे खाणारं एक कुटुंब. भाऊ थिओला त्याने कळवलं, की ताटात जाणाऱ्या याच हातांनी जमीन खणली आहे, हे मला दाखवायचं होतं. फान राप्पार्ड या मित्राने मात्र चित्राच्या छापील प्रतीवर सडकून टीका केली. दोघांची मैत्री त्यातच विस्कटली.

मग पुस्तक फुकट गेलं का? 1890 मध्ये व्हिन्सेंट पॅरिसजवळच्या ओव्हेर गावी होता. 'स्टारी नाइट' काढून झालं होतं. तरी त्याने थिओकडे बार्गची तीच साठ पानं पुन्हा मागितली. प्रमाणाचा सराव सुटला तर पुढे जड जाईल, असं त्याचं म्हणणं होतं. त्याच जुलैमध्ये तो गेला.

आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या मुलांना 'बघून काढणं म्हणजे कॉपी' असा टोमणा हमखास मिळतो. पुढच्या वेळी कुणी तो मारला, तर त्यांना ही साठ पानं सांगा. बघून काढल्याने व्हिन्सेंटचा हात बार्गसारखा झाला नाही, त्याची नजर मात्र तयार झाली.

आज रात्री एक करून बघा. तुमचाच डावा हात समोर धरा, डावखुरे असाल तर उजवा, आणि फक्त सरळ रेषांनी काढा. बोटं शेवटी! भेटूया पुढच्या भागात.