उन्हाळी शिक्षण व संशोधनसंधी, वैद्यकीय प्रवेशेच्छू व पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी (वाकोला–कालिना परिसर)

वैद्यकीय शिक्षणाकडे जाऊ इच्छिणाऱ्या किंवा त्यात नुकत्याच दाखल झालेल्या विद्यार्थ्यांना एप्रिल ते जुलै या काळात उपलब्ध असलेली शिबिरे, प्रयोगशाळेतील उमेदवारी, संशोधन-शिष्यवृत्त्या व ग्रामीण आरोग्यकार्य यांचा समावेश या नोंदीत केला आहे. अमेरिकेत वैद्यकीय प्रवेशापूर्वी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते. भारतात बारावीनंतर थेट एमबीबीएसला प्रवेश मिळतो. त्यामुळे येथील संधींचे तीन गट पडतात : अकरावी–बारावीचे विद्यार्थी, जीवविज्ञानातील पदवीचे विद्यार्थी आणि एमबीबीएसचे विद्यार्थी. शासकीय संशोधन-योजनांचा भर दुसऱ्या व तिसऱ्या गटावर आहे.

परिसर : वाकोला ही सांताक्रूझ पूर्वेतील वस्ती मुंबई महानगरपालिकेच्या एच-पूर्व विभागात पश्चिम द्रुतगती महामार्गालगत आहे. येथील नाला पुढे मिठी नदीला मिळतो. लगतच कालिन्याला मुंबई विद्यापीठाचे (स्थापना 1857) विद्यानगरी संकुल आहे. त्यात जीवशास्त्रे व जीवभौतिकी हे विभाग, जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आणि अणुऊर्जा विभागाच्या साहाय्याने 2007 मध्ये सुरू झालेले मूलभूत विज्ञान केंद्र (यूएम-डीएई सीईबीएस) आहे. सांताक्रूझ पूर्वेतच पालिकेचे व्ही. एन. देसाई रुग्णालय आहे. मात्र एमबीबीएसचे महाविद्यालय त्याला जोडलेले नाही. जवळची पालिका वैद्यकीय महाविद्यालये म्हणजे शीव येथील लोकमान्य टिळक (1964) आणि कूपर रुग्णालयाशी संलग्न हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाविद्यालय (2015). 2014 मध्ये खुल्या झालेल्या सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्त्यामुळे मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र या भागाला जवळ आले.

पूर्वपीठिका : 10+2+3 आकृतिबंध येण्यापूर्वी मुंबई विद्यापीठात इंटर सायन्सच्या ‘बी ग्रुप’नंतर (जीवशास्त्राचा गट) एमबीबीएसला प्रवेश मिळे. इंटर सायन्सपर्यंतची दोन वर्षे पदवी महाविद्यालयात जात. नव्या आकृतिबंधाची पहिली बारावीची परीक्षा 1977 मध्ये झाली आणि हा टप्पा कनिष्ठ महाविद्यालयात आला. पुढे राज्याची प्रवेशपरीक्षा ‘सीईटी’ आली. देशपातळीवरील वैद्यकीय प्रवेशपरीक्षा ‘नीट’ पहिल्यांदा 2013 मध्ये झाली. न्यायालयीन निकालांनंतर 2016 पासून ती पुन्हा लागू झाली. इंटर सायन्सच्या काळातील उन्हाळी उपक्रमांची व्यवस्थित नोंद आढळत नाही.

प्रवेशापूर्वीचा उन्हाळा : बारावीची परीक्षा फेब्रुवारी–मार्चमध्ये आणि ‘नीट’ साधारणतः मेच्या पहिल्या रविवारी होते (2020 ते 2022 ही वर्षे अपवाद). मधले आठवडे क्रॅश कोर्स व टेस्ट सिरीजमध्ये जातात. परीक्षेनंतर निकाल, प्रवेशफेऱ्या आणि वर्षभर ‘ड्रॉप’ घ्यायचा की नाही हा निर्णय पुढे असतो. प्रयोगशाळेसाठी मोकळा उन्हाळा उरतो तो अकरावीनंतरचा. पण बहुतेक क्लास बारावीचा अभ्यासक्रम तेव्हाच सुरू करतात. या गटासाठी दोन उपक्रम उल्लेखनीय आहेत. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘इन्स्पायर’ योजनेत (2008) दहावीत अग्रस्थानी असलेल्या व अकरावीला विज्ञान घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी पाच दिवसांची शिबिरे होतात. दुसरा उपक्रम मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा (1974) आहे. जीवशास्त्र ऑलिंपियाडच्या अखेरच्या टप्प्यातील निवड-शिबिर तेथे भरते आणि त्यात प्रात्यक्षिकावर भर असतो. आंतरराष्ट्रीय जीवशास्त्र ऑलिंपियाड 2008 मध्ये मुंबईत झाले.

विज्ञान पदवीचे विद्यार्थी : ‘नीट’मध्ये जागा न मिळाल्याने किंवा स्वेच्छेने बीएस्सीला आलेल्या विद्यार्थ्यांना उन्हाळी संधी सर्वाधिक आहेत. इन्स्पायरच्या उच्चशिक्षण शिष्यवृत्तीत वर्षाला 80,000 रुपयांची तरतूद असून त्यांतील 20,000 रुपये उन्हाळ्यात एखाद्या संशोधकाच्या हाताखाली काम करण्यासाठी राखलेले आहेत. ही शिष्यवृत्ती मूलभूत व नैसर्गिक विज्ञानांपुरती आहे. एमबीबीएस घेणारा विद्यार्थी तिला मुकतो. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत वरचा क्रमांक मिळवूनही बीएस्सीकडे वळणाऱ्याला मात्र ती मिळू शकते.

होमी भाभा केंद्राच्या ‘एनआययूएस’ उपक्रमात (2004) पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतील विद्यार्थी शिबिरासाठी निवडले जातात. त्यांतील काहींना पुढे मार्गदर्शकाबरोबर प्रकल्प करता येतो. जीवशास्त्र ही त्याची एक शाखा आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा अभ्यागत विद्यार्थी कार्यक्रम आणि देशातील तीन विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी शिष्यवृत्ती हे अन्य प्रमुख मार्ग होत. अकादमींची शिष्यवृत्ती सुमारे दोन महिन्यांची असते. तिचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच भरावे लागत असल्याने परीक्षा संपल्यावर चौकशी करणाऱ्याची संधी हुकते. कालिन्याच्या मूलभूत विज्ञान केंद्रात पाच वर्षांचा एकात्मिक एमएस्सी अभ्यासक्रम आहे. प्रवेश ‘नेस्ट’ परीक्षेतून होतो. या सर्व योजनांतून आलेला विद्यार्थी पिपेट धरणे, नोंदवही ठेवणे आणि फसलेला प्रयोग पुन्हा मांडणे या गोष्टी एमबीबीएसच्या विद्यार्थ्याच्या बऱ्याच आधी शिकतो.

एमबीबीएसचे विद्यार्थी : भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएमआर) अल्पमुदत विद्यार्थीवृत्ती, विद्यार्थ्यांच्या बोलण्यातली ‘एसटीएस’, ही या क्षेत्रातील सर्वांत जुनी व सर्वाधिक परिचित योजना 1979 मध्ये सुरू झाली. पदवीपूर्व वैद्यकीय विद्यार्थ्याला संशोधनपद्धतीची ओळख करून देणे हा तिचा उद्देश आहे. आंतरवासिता (इंटर्नशिप) सुरू होण्यापूर्वी अर्ज करावा लागतो. विद्यार्थी आपल्याच महाविद्यालयातील पूर्णवेळ अध्यापकाला ‘गाइड’ म्हणून निवडतो आणि एका गाइडकडे एका वर्षी एकच विद्यार्थी असतो. प्रस्ताव ऑनलाइन जातो. मंजुरीनंतर महाविद्यालयाच्या एथिक्स कमिटीची संमती घेऊन दोन महिन्यांत काम करायचे व अहवाल पाठवायचा असतो. अहवाल स्वीकारला गेला तरच प्रमाणपत्र व विद्यावेतन मिळते. हे विद्यावेतन पूर्वी एकूण 20,000 रुपये होते. अलीकडे ते 50,000 रुपये झाले. प्रकल्पाच्या खर्चासाठी वेगळी रक्कम नसते.

प्रश्न कोणता घ्यायचा हेही दोन महिन्यांच्या मुदतीवरून ठरते. रुग्णाचा दीर्घकाळ मागोवा घेणे शक्य नसल्याने एकाच वेळी केलेली पाहणी, जुन्या केसपेपरांचा अभ्यास, प्रश्नावलीवरून ज्ञान व आचरणाची तपासणी किंवा गाइडच्या चालू प्रयोगाचा छोटा तुकडा असेच विषय निवडले जातात. वैद्यकीय महाविद्यालयांची सुट्टी इतकी मोठी नसते, म्हणून काम बहुधा वॉर्ड व व्याख्याने सांभाळून दुपारच्या ओपीडीनंतर होते आणि पावसाळ्यात सरकते. उपनगरांत याचा एक फायदा होतो. डेंग्यू, मलेरिया व लेप्टोस्पायरोसिस यांचे रुग्ण याच महिन्यांत वाढतात. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ वेधशाळेत 24 तासांत 944 मिमी पाऊस नोंदला गेला आणि त्यानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. तेव्हापासून पूर व आजार यांचा संबंध हा येथील विद्यार्थ्यांच्या आवाक्यातला विषय ठरला आहे.

2019 पासूनच्या क्षमताधारित अभ्यासक्रमात ‘इलेक्टिव्ह’ची तरतूद आहे. त्यामुळे प्रयोगशाळेत काही आठवडे घालवण्याला अभ्यासक्रमातच जागा मिळाली. राज्यातील विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ संशोधन महोत्सवात (2006 पासून) अशी कामे मांडता येतात.

परळ : वाकोल्याहून लोकलने पोहोचता येणाऱ्या परळमध्ये हाफकिन संस्था (1899 मध्ये प्लेग प्रयोगशाळा म्हणून सुरू), जननआरोग्य संशोधनाची आयसीएमआरची संस्था आणि केईएमच्या आवारातील प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहेत. शेवटच्या संस्थेचे मूळ 1957 च्या रक्तगट संदर्भ केंद्रात आहे. त्याआधी 1952 मध्ये डॉ. य. म. भेंडे व सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगटाचा शोध जाहीर केला होता. या तिन्ही संस्थांत उमेदवारीसाठी प्रवेश बहुधा महाविद्यालयाच्या पत्रावर व मार्गदर्शकाच्या संमतीवर अवलंबून असतो.

ग्रामीण व सामाजिक शिबिरे : गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेचा ‘निर्माण’ उपक्रम (2006), सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेची (1969) नवागतांसाठीची आश्रमनिवासाची व ग्रामशिबिराची प्रथा आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथची श्रमसंस्कार छावणी यांचा निर्देश करणे आवश्यक आहे. सोमनाथची छावणी मे महिन्यात भरते. हे उपक्रम प्रयोगशाळेतील संशोधनात मोडत नसल्याने येथे विस्तार केलेला नाही.

परदेशस्थ मराठी विद्यार्थी : अमेरिकेतील वैद्यकीय प्रवेशात एमकॅट परीक्षेच्या गुणांबरोबर संशोधनाचा अनुभव व डॉक्टरांबरोबर राहून केलेले निरीक्षण विचारात घेतले जाते. तेथील काही मराठी विद्यार्थी सुट्टीत मुंबईत येऊन असे निरीक्षण करतात. रुग्णाची संमती व गोपनीयता यांचे नियम त्यांनाही लागू पडतात.

मतभेद : अल्पमुदत संशोधनाने पुढे वैद्यक-संशोधक घडतात का, याविषयी एकमत नाही. शुल्क घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या खासगी ‘इंटर्नशिप’, लेखकांच्या यादीतील क्रम आणि घाईने छापलेले निबंध यांवर अध्यापकांत टीका होते. दुसऱ्या बाजूने, एथिक्स कमिटीपुढे प्रस्ताव मांडण्याची सवय विद्यार्थिदशेतच लागते, हा लाभ सहसा मान्य केला जातो. आयसीएमआरची 2017 ची नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वे विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांनाही लागू आहेत.

दंतवैद्यक : एसटीएससाठी बीडीएसचे विद्यार्थीही पात्र असतात.