टाळेबंदी आणि मोटार विम्याचे बदलते तत्त्व

भारतात त्रयस्थ पक्षाचा मोटार विमा १९३९ च्या मोटार वाहन कायद्यान्वये १९४६ पासून सक्तीचा झाला. खाजगी मोटारीसाठी या विम्याचा हप्ता इंजिनाच्या क्षमतेनुसार ठरतो. वाहन किती धावले याचा त्यात विचार होत नाही. मार्च २०२० मधील टाळेबंदीने ही विसंगती ठळक केली. मोटारी दारात उभ्या राहिल्या, हप्ता मात्र वर्षाचाच राहिला. २०१९ मध्ये देशात ४,४९,००२ रस्ते अपघात झाले होते; २०२० मध्ये ते ३,६६,१३८ वर आले. तथापि, दर शंभर अपघातांमागे मृत्यूंचे प्रमाण ३३.७ वरून ३६ झाले. म्हणजेच केवळ वापर घटल्याने सुरक्षितता वाढत नाही. जुलै २०२२ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने स्व-नुकसान विम्यात वापर व चालनपद्धती या दोन्हींवर आधारित पूरक संरक्षणास मान्यता दिली. सक्तीचा विमा मात्र या बदलाबाहेरच राहिला.