विमा नसलेले वाहन : अपघात-भरपाईच्या मर्यादा

थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १४६ मनाई करते. पहिल्यांदा सापडल्यास २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा विमा सक्तीचा झाला. तो संपला की एमएच २७ (अमरावती) असो वा एमएच ३० (अकोला), नूतनीकरण प्रत्यक्षात मालकाच्या मर्जीवर उरते.

विमा नसलेल्या गाडीच्या चालकाला दुसऱ्याच्या चुकीने इजा झाली तर? कॅलिफोर्नियात १९९६ पासून त्याला वेदना-यातनांची भरपाई सहसा मागता येत नाही. भारतात असा नियम नाही. मूर्तिजापूरजवळ ट्रकने उडवलेला विमा नसलेला दुचाकीस्वार ट्रकच्या विमा कंपनीवर दावा लावू शकतो. अपघात कुठेही होवो, राहत्या जिल्ह्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही. कंपनीचे वकील विमा, परवाना अशा नसलेल्या कागदपत्रांकडे बोट दाखवतातच. पण नुसता परवाना नसणे म्हणजे अपघाताला हातभार लावणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सुधीरकुमार राणा प्रकरणात सांगितले. कपात होते ती चालवण्यातल्या चुकीपुरती.

चूक स्वतःची असली की मात्र हात रिकामे. गाडीची दुरुस्ती पदरची, आणि विम्यासोबत मिळणारे मालक-चालकाचे १५ लाखांचे संरक्षणही नाही.

धडक दुसऱ्याला बसली तर भरपाई मालकाच्या खिशातून, आणि तिला कमाल मर्यादा नाही. रक्कम भरली नाही तर कलम १७४ नुसार जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतात. म्हणजे गोष्ट शेतापर्यंत जाऊ शकते. ज्याच्या नावावर जुन्या दुचाकीपलीकडे काहीच नाही, त्याच्याविरुद्धचा निवाडा बहुधा फायलीतच राहतो. म्हणूनच २०१८ मध्ये उषादेवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विमा नसलेली अपघातग्रस्त गाडी लिलावात विकून पैसे न्यायाधिकरणात भरण्याचा नियम करण्यास राज्यांना सांगितले. भंगाराच्या भावाने किती येणार, हा प्रश्न उरतोच.

धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर २०२२ पासून सरकारी योजनेतून मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला ५०,००० रुपये मिळतात. गाडी सापडली, पण विमा निघाला नाही, तर ही योजना लागू होत नाही. अपघातग्रस्तांसाठीच्या मे २०२५ च्या सरकारी कॅशलेस योजनेतले सात दिवसांचे, दीड लाखापर्यंतचे उपचार मात्र अशा जखमीलाही मिळू शकतात.