राजानें निवडलेलें सूत्र

सम्राट अशोकाचे बहुतेक लेख प्रजेस किंवा अधिकाऱ्यांस उद्देशून आहेत; परंतु राजस्थानांतील बैराट येथें कॅप्टन बर्ट यांस १८४० मध्यें सांपडलेल्या शिलेवर तो भिक्षुसंघाशीं बोलतो. ही शिला पुढें कलकत्त्यास एशियाटिक सोसायटींत नेण्यांत आली. संघास वंदन करून राजा सात धर्मग्रंथांचीं नांवें घेतो. भिक्षु-भिक्षुणींनींच नव्हे, तर गृहस्थांनींही ते वारंवार ऐकावे, ही त्याची इच्छा.

सातवा ग्रंथ म्हणजे राहुलास केलेला उपदेश. राहुलाच्या नांवाचीं सूत्रें एकाहून अधिक आहेत. म्हणून ‘असत्य भाषणाविषयींचा’ असें राजानें मुद्दाम जोडलें. राज्य चालविणाऱ्याच्या तोंडीं हा विषय येणें सोपें नव्हे!

मज्झिमनिकायांत हें सूत्र आहे. भगवान बुद्ध राहुलाकडे गेले, पाय धुतले आणि भांड्यांत थोडेंसें पाणी ठेविलें. जाणूनबुजून खोटें बोलण्याची ज्यास लाज नाहीं, त्याचें श्रमणपण एवढेंच, असें सांगून तें पाणी फेंकलें. मग भांडें पालथें केलें व पुन्हां उताणें करून रिकामें दाखविलें. थट्टेंतही असत्य बोलूं नये, आणि आरशांत मुख पाहावें तसें प्रत्येक कर्म आधीं, करतांना व नंतर न्याहाळावें, असें त्यांनीं समजाविलें. पित्यानें पुत्रास ना दटावलें, ना शपथ घातली.

गोव्यांतील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी यांनीं १९१२ मध्यें हे ग्रंथ पालि वाङ्मयांत शोधण्याचा यत्न केला. इतर कांहीं नांवांवर पंडितांचा वाद चालला. राहुलाच्या सूत्राविषयीं मात्र फारसा संशय उरला नाहीं.