लहान मुलांच्या मूत्रपिंडाचा कर्करोग व शस्त्रक्रियापूर्व केमोथेरपी : मावळच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

वैद्यकाच्या इतिहासात औषधांच्या शोधाइतकेच महत्त्व ती कोणत्या क्रमाने द्यावीत या निर्णयालाही असते. विल्म्स ट्यूमर हा लहान मुलांच्या मूत्रपिंडाचा कर्करोग याचे ठळक उदाहरण होय. तो प्रामुख्याने पाच वर्षांखालील मुलांत आढळतो. आंघोळ घालताना आईच्या हाताला पोटातील गाठ लागते. मूल मात्र बहुधा हसतखेळत असते. अशा मुलावर आधी शस्त्रक्रिया करावी की आधी केमोथेरपी द्यावी, या प्रश्नाचा इतिहास तपासून मावळ-लोणावळा परिसराच्या दृष्टीने त्याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

औषधांची पार्श्वभूमी

जर्मन शल्यविशारद माक्स विल्म्स यांनी १८९९ मध्ये या गाठीवर विस्तृत ग्रंथ लिहिला. त्यानंतर कित्येक दशके शस्त्रक्रिया व पुढे किरणोपचार हेच उपाय होते. सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत १९४० मध्ये मातीतील सूक्ष्मजीवापासून अॅक्टिनोमायसिन वेगळे करण्यात आले. त्याच्या ‘डी’ या प्रकाराचा वापर बोस्टनचे सिडने फार्बर यांनी या मुलांसाठी केला. निदानसमयी रोग इतरत्र पसरलेला नव्हता अशा मुलांपैकी ८९ टक्के मुले दोन वर्षांनंतर जिवंत असल्याचे त्यांनी १९६६ मध्ये नोंदविले. दुसरे औषध व्हिन्क्रिस्टिन हे आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळते. अर्थात शुद्ध करून मोजून दिलेले औषध निराळे आणि पानांचा रस निराळा; सदाफुली ही विषारी वनस्पती आहे, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

क्रमाचा वाद

१९६९ मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय विल्म्स ट्यूमर अभ्यासगट सुरू झाला आणि त्याच वर्षी ‘सिऑप’ ही आंतरराष्ट्रीय बालकर्करोग संघटना स्थापन झाली. अमेरिकी गटाने आधी शस्त्रक्रियेचा आग्रह धरला. गाठीचे मूळ स्वरूप व टप्पा औषधाने बदलण्यापूर्वी कळावा, तसेच कर्करोग नसलेल्या मुलास विनाकारण औषध दिले जाऊ नये, ही त्यामागील भूमिका होती. सिऑपची चिंता वेगळी होती. मोठी, मऊ गाठ शस्त्रक्रियेत फुटली तर पेशी पोटात पसरतात. सिऑपच्या पहिल्या अभ्यासात थेट शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे एक तृतीयांश मुलांत गाठ फुटली, तर आधी किरणोपचार मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ४ टक्के होते. पुढील अभ्यासांत केमोथेरपीने जवळजवळ तोच लाभ मिळाला आणि लहान वयात किरणोत्सर्ग देणे टळले. यातून चार आठवड्यांची पद्धत रुजली : व्हिन्क्रिस्टिन दर आठवड्यास व अॅक्टिनोमायसिन दोनदा. रोग फुप्फुसात पोहोचला असल्यास हा काळ सहा आठवड्यांचा असतो.

१९९१ ते २००१ या काळातील ब्रिटिश अभ्यासात दोन्ही क्रमांची तुलना झाली. जगण्याचे प्रमाण सारखेच आढळले. परंतु आधी केमोथेरपी घेतलेल्या गटात सुमारे एक पंचमांश मुलांची पुढील तीव्र उपचारांतून सुटका झाली. वाद पूर्णतः मिटलेला नाही. दोन्ही मूत्रपिंडांत गाठ असल्यास मात्र आधी केमोथेरपी द्यावी, यावर दोन्ही गटांचे एकमत आहे.

मावळच्या दृष्टीने

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्येच पूर्ण झाला होता. त्यामुळे लोणावळा ते दादर हा सुमारे १२० किलोमीटरचा प्रवास आज काही तासांचा आहे. तथापि पवन मावळ, नाणे मावळ वा आंदर मावळातील वाडीवरून आधी कामशेत-लोणावळा गाठणे, मजुरी बुडविणे आणि हे दर आठवड्यास करणे, हा हिशेब निराळा आहे. रुग्ण उशिरा पोहोचला की गाठ मोठी झालेली असते, म्हणून आधी केमोथेरपी देण्याची गरज वाढते. पण औषधाने गाठ लहान झाली, मूल जेवू-खेळू लागले की कुटुंबास ते बरे झाल्यासारखे वाटण्याचा धोका असतो. शस्त्रक्रियेपूर्वीच उपचार सुटले तर गाठ पुन्हा वाढते. अर्थात, ज्या अंतरामुळे ही पद्धत आवश्यक ठरते, तेच अंतर तिला अपुरीही ठेवू शकते.

या दृष्टीने दोन घटना औषधाच्या शोधाइतक्याच मोलाच्या वाटतात. २००६ पासून सेंट ज्यूड संस्था मुंबईत कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांना विनामूल्य निवारा देऊ लागली. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते.

निष्कर्ष

वरील आढाव्यावरून असे म्हणता येईल की, शस्त्रक्रियापूर्व केमोथेरपीचे यश औषध, शल्यकौशल्य आणि कुटुंबाचे सातत्य या तिन्हींवर अवलंबून आहे. पोटात गाठ लागताच ती वारंवार न दाबता सोनोग्राफी करणे, आणि त्यानंतर त्या कुटुंबाचे चार आठवडे कसे निभतील हे पाहणे, ही गावपातळीवरील जबाबदारी होय. योग्य उपचार पूर्ण झाल्यास प्रगत देशांत दहापैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. मावळातील मुलाला तीच संधी मिळावी, हाच या इतिहासाचा आजचा प्रश्न आहे.