दहा सेंटिमीटरचा उजेड

तारीख 25 जून 1955. पूर्व फ्रान्समधलं राँशां गाव खाली राहिलंय आणि तुम्ही बुर्लेमाँची टेकडी चढताय. यात्रेकरूंच्या पावलांनी मळलेली ही जुनी वाट. माथ्यावर झाडी सरते आणि समोर पांढऱ्या वळणदार भिंती उभ्या राहतात, वर करड्या काँक्रीटचं फुगीर छप्पर. आज या चॅपेलचं उद्‌घाटन आहे.

आधी भिंतीला हात लावा. खरखरीत पांढऱ्या थराखाली जुन्या चॅपेलचे दगड आहेत. 1944 साली युद्धात ते उद्ध्वस्त झालं. टेकडीवर सामान चढवणं अवघड, तेव्हा वास्तुविशारद ल कॉर्बुझिएनं तोच ढिगारा भिंतींत वापरला. मला या वास्तूतलं हेच सगळ्यात हळवं वाटतं: पडलेलं प्रार्थनास्थळ नव्याच्या पोटात उभं आहे.

आत चला. डोळ्यांपुढे अंधारी येते. पायांखालची जमीन वेदीकडे हलकेच उतरत जाते, टेकडीच्याच उतारानं. दक्षिणेची भिंत इतकी जाड, की तिच्या लहानमोठ्या खिडक्या खोल कोनाड्यांसारख्या दिसतात. कुठे लाल काच, कुठे निळी.

आता वर बघा. खेकड्याच्या कवचावरून सुचलेलं ते छप्पर भिंतीवर टेकलेलंच नाही! मधे जेमतेम दहा सेंटिमीटरची फट, आणि फटीतून उजेडाची रेघ. भार पेलणारे खांब भिंतीत दडलेत. काटकोनाचा हट्ट धरणाऱ्या या वास्तुविशारदानं इथे काँक्रीट शाडूसारखं वळवलं, आणि आधुनिक वास्तुकलेला वक्ररेषेचं भय उरलं नाही.

याच वर्षांत त्याच्या पॅरिसच्या कचेरीत चंडीगढही कागदावर उतरत होतं. पुण्यात जन्मलेले तरुण वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी 1951 ते 1954 तिथेच राबत होते. तुम्ही पुढच्या काळातून आलात, म्हणून तुम्हाला ठाऊक आहे: 2016 साली हे चॅपेल आणि चंडीगढचं कॅपिटल संकुल एकत्रच जागतिक वारशाच्या यादीत जातील.

बाहेर या. आत दोनेकशे माणसं मावतात. यात्रेला येतात हजारो. म्हणून पूर्वेला, छपराच्या वळचणीखाली, दुसरी वेदी आहे. मिस्सा उघड्यावर, गवतावर. भिंतीतल्या काचेच्या कोनाड्यात पवित्र मारियेची जुनी लाकडी मूर्ती आहे, आणि ती फिरते. आत गर्दी मावेनाशी झाली, की तिचं तोंड मैदानाकडे वळवायचं.