टीव्हीचा घसारा : पिक्चर ट्यूब ते पॅनेल

स्मरणिका समितीचा मला आग्रह होता, "काका, तुम्ही बँकेतले, तेव्हा सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या हिशेबावर काहीतरी लिहा." हिशेबावर आपले खजिनदार दरवर्षी लिहितातच, आणि ते किती जण वाचतात हे वार्षिक सभेत दिसतंच. म्हणून मी हिशेबाऐवजी एका वस्तूचा इतिहास घेतला आहे. ती वस्तू म्हणजे आपल्या सभागृहातला टीव्ही.

कारणही तसंच आहे. सभागृहातला ४२ इंची प्लाझ्मा गेल्या दिवाळीपासून बंद आहे. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवरची विश्वचषकाची अंतिम लढत आपण सगळ्यांनी याच पडद्यावर पाहिली. पायऱ्यांपर्यंत माणसं बसली होती. आता दुरुस्तीवाला म्हणतो की बोर्ड मिळत नाही, आणि जुना कुठून आणून बसवला तरी किती दिवस चालेल याची खात्री नाही. दुपारी चारला तिथे जमणारे आम्ही चौदा ज्येष्ठ नागरिक होतो, ते आता चारवर आलो आहोत. टीव्ही हे निमित्त होतं, माणसं एकमेकांसाठी येत होती, हे खरं. पण निमित्त गेलं की माणसंही येत नाहीत, हेही तितकंच खरं. बी विंगमधल्या एक काकू मला लिफ्टमध्ये म्हणाल्या, "आता खाली यायला कारणच उरलं नाही हो."

रौप्यमहोत्सवी वर्षात नवीन टीव्ही घ्यायचा असं ठरलं आहे आणि वर्गणीतून एक लाख दहा हजार रुपये जमले आहेत. मतं मात्र तीन आहेत. कोणी म्हणतं ओएलईडी, कोणी म्हणतं प्रोजेक्टर, कोणी म्हणतं स्वस्तात स्वस्त. मत देण्याआधी हा इतिहास वाचावा एवढीच विनंती.

पेटीतला टीव्ही

दूरचित्रवाणी भारतात दिल्लीला १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यातही चित्र दिसू लागलं. मी त्याच साली पदवीधर झालो. आमच्या चाळीत एकाच बिऱ्हाडात टीव्ही होता. लाकडी कॅबिनेट, पुढे सरकतं शटर, त्याला चक्क कुलूप. संध्याकाळी ते शटर उघडायचा मान घरमालकाचा. टीव्हीसाठी पोस्टात परवाना काढावा लागे, हे आजच्या मुलांना सांगितलं तर हसतात.

त्या पेटीचं हृदय म्हणजे पिक्चर ट्यूब. तिचं मूळ १८९७ सालचं, जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांच्या प्रयोगशाळेतलं. काचेच्या निर्वात नळीच्या मानेत एक 'गन' असते, ती इलेक्ट्रॉनचा झोत पुढच्या काचेवर सोडते, आणि काचेच्या आतल्या लेपावर तो जिथे आदळतो तिथे प्रकाश पडतो. मानेभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यामुळे झोत डावीकडून उजवीकडे, वरून खाली फिरतो. आपल्याकडच्या पद्धतीत एका चित्राच्या ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं. रंगीत संचात या ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब लागे. म्हणून मेकॅनिक मागचं झाकण उघडला की मुलांना लांब व्हायला सांगत असे.

१५ ऑगस्ट १९८२ ला रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीला आशियाई स्पर्धा झाल्या, आणि टीव्हीची खरी लाट आली. 'हम लोग' १९८४ मध्ये, 'रामायण' १९८७ मध्ये. आमच्या बँकेच्या कर्मचारी पतपेढीत त्या काळात सर्वांत जास्त अर्ज टीव्हीसाठी असत. दोन जामीनदार आणि पगारातून हप्ता. शिपाई असो की अधिकारी, फॉर्मवर कारण एकच, 'रंगीत दूरदर्शन संच'.

चांगली वस्तू का मरते?

बँकेत यंत्रसामग्रीसाठी कर्ज देताना आम्ही घसारा पाहायचो. वस्तूची किंमत दोन कारणांनी उतरते. एक म्हणजे ती झिजते. दुसरं म्हणजे ती कालबाह्य होते. झीज दिसते, कालबाह्यता दिसत नाही. यंत्र गुळगुळीत चालत असतं आणि तरी त्याचं मोल संपलेलं असतं.

१९९० च्या दशकात मी इचलकरंजीला शाखेत असताना एक तरुण कर्जासाठी आला होता. धंदा होता 'रीगनिंग'चा. जुन्या ट्यूबची मान कापायची, नवी गन बसवायची, हवा काढून पुन्हा सील करायची. नव्या ट्यूबच्या मानाने फारच कमी खर्चात टीव्ही पुन्हा उजळायचा. माणूस हुशार, हातात कला. कर्ज वेळेत फेडलं. पण तो स्वतःच मला नंतर म्हणाला, "साहेब, ट्यूब बिघडायची थांबली नाही, लोकच ती दुरुस्त करायचे थांबले." आणि वेळेवर तो सीसीटीव्ही बसवण्याच्या कामात गेला. मला वाटतं, टीव्हीचा सगळा इतिहास त्या एका वाक्यात आहे.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर आपल्या महाराष्ट्रातल्या उद्योगाचीही आहे. औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) चितेगावला व्हिडिओकॉनने टीव्हीचा मोठा कारखाना उभा केला. २००५ मध्ये या समूहाने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. त्यात युरोप, मेक्सिको आणि चीनमधले कारखाने होते. यंत्रं चांगली, कामगार कसलेले. पण त्याच सुमारास युरोप-अमेरिकेत लोक सपाट पडद्याकडे वळत होते. २००७ च्या शेवटच्या तिमाहीत जगात पहिल्यांदाच एलसीडी टीव्हींची विक्री ट्यूबच्या टीव्हींपेक्षा जास्त झाली. पुढे २०१८ मध्ये हा समूह दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, त्याला दूरसंचारासारखी इतर कारणंही होती, सगळं खापर ट्यूबवर फोडणं बरोबर नाही. पण ताळेबंदात यंत्राची किंमत लिहिताना 'याचा माल उद्या कोण घेणार' हा रकाना नसतो, एवढं त्यातून शिकण्यासारखं आहे.

प्लाझ्माचं दुर्दैव

आता आपल्या सभागृहातल्या संचाकडे येऊ. प्लाझ्मा पडदा १९६४ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात जन्मला, तोही टीव्हीसाठी नव्हे, तर संगणकावर विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी. दोन काचांमध्ये वायूने भरलेल्या लाखो बारीक कुप्या, वीज दिली की प्रत्येक कुपी ट्यूबलाइटसारखी पेटते. स्वतः पेटते आणि स्वतः विझते, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो आणि क्रिकेटचा चेंडू पुसट होत नाही.

चित्र चांगलं असूनही तो गेला. वीज जास्त खायचा, वजनाला भारी, आणि भर उजेडात फिका पडायचा. पण मला महत्त्वाचं कारण वेगळंच वाटतं. प्लाझ्मा फक्त मोठ्या टीव्हीतच चालायचा. एलसीडीचं तसं नव्हतं. ती आधी घड्याळात आणि कॅल्क्युलेटरमध्ये आली, मग लॅपटॉपमध्ये, मोबाईलमध्ये, शेवटी टीव्हीत. एकाच तंत्राची काच कापून हव्या त्या आकाराची वस्तू. म्हणजे एलसीडीला दहा धंद्यांचा आधार, प्लाझ्माला एकाचा. बँकेच्या भाषेत सांगायचं तर एकाच ग्राहकावर उभा असलेला कारखाना. पायोनियरने २००९ मध्ये माघार जाहीर केली, पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस उत्पादन थांबवलं, सॅमसंग आणि एलजी २०१४ मध्ये थांबले. त्या दिवसापासून आपला संच चालू असला तरी अनाथ होता. आज बोर्ड मिळत नाही, त्याची गोष्ट ही अशी आहे.

मग घ्यायचा कोणता?

दुकानात गेलं की नावांनीच गोंधळ उडतो. थोडक्यात सांगतो. 'एलईडी टीव्ही' म्हणजे एलसीडीच, फक्त मागचा उजेड एलईडीचा. आधी तिथे बारीक ट्यूबलाइट असत. 'क्यूएलईडी' हीसुद्धा एलसीडीच, रंग खुलावेत म्हणून मध्ये अतिसूक्ष्म कणांचा एक थर. या कणांच्या, म्हणजे क्वांटम डॉटच्या, शोधाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ओएलईडी मात्र खरोखर वेगळा. त्यात मागे दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो.

घरी अंधाऱ्या खोलीत सिनेमा पाहणाऱ्यांनी ओएलईडी जरूर घ्यावा. सभागृहासाठी माझं मत तसं नाही. आपल्याकडे पश्चिमेला तीन मोठ्या खिडक्या आहेत, दुपारी उजेड भरपूर. शिवाय बातम्यांच्या वाहिन्या तासन् तास लागतात. वाहिनीचं बोधचिन्ह आणि खालची पट्टी एकाच जागी राहते, आणि ओएलईडीवर कालांतराने तिचा डाग उमटण्याचा धोका असतो. प्रोजेक्टरला अंधार हवा, तो दुपारी चारला आपल्याकडे नाही.

म्हणून साध्या एलईडी प्रकारातला ७५ इंची घ्यावा असं मी सुचवतो. आकाराबद्दल एक गंमत सांगतो. जुने टीव्ही ४:३ आकाराचे, नवे १६:९, म्हणजे आडवे लांब. जुन्या २९ इंची पडद्याची उंची साडेसतरा इंचांच्या आसपास, नव्या ३२ इंचीची सोळाच्या आत. म्हणजे इंच वाढले आणि माणसाचा चेहरा लहान झाला. पुष्कळ घरांत नवीन टीव्ही आल्यावर आजी-आजोबा "दिसत नाही" म्हणाले, तो प्रत्येक वेळी चष्म्याचा दोष नव्हता. आपल्या सभागृहात शेवटची खुर्ची अठरा फुटांवर आहे. ७५ इंचीची उंची तीन फुटांहून किंचित जास्त भरते, मागच्यांनाही धावफलक वाचता येईल. ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे, त्यामुळे रकमेत बसतो.

दुकानात जाणाऱ्या समितीने चार गोष्टी पाहाव्यात.

१. डोळे दिपवणारं नमुन्याचं चित्र नको. साधी बातम्यांची वाहिनी लावायला सांगा.

२. समोरून पाहून झालं की अगदी बाजूला जाऊन उभे राहा. रंग फिके पडले तर भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांना रोज तेच दिसणार.

३. आवाज. जुन्या पेटीत स्पीकरला जागा होती, आताच्या पातळ टीव्हीत तो खाली किंवा मागे दडवलेला असतो. साउंडबारसाठी पैसे बाजूला ठेवाच. आमच्यातल्या निम्म्यांना चित्रापेक्षा आवाजाची अडचण जास्त आहे.

४. पडद्याची काच फुटली तर दुरुस्तीचा खर्च जवळजवळ नव्या टीव्हीएवढा येतो. मागच्या एलईडीच्या पट्ट्या मात्र कोपऱ्यावरचा मेकॅनिकही बदलतो. म्हणून वाढीव हमी घेताना त्यात पॅनेल धरलं आहे का, हे लेखी घ्या.

आणि 'स्मार्ट' सोयींवर जास्त पैसे घालू नका. पडदा दहा वर्षं चालेल, त्यातलं सॉफ्टवेअर आधी म्हातारं होईल. तेव्हा बाहेरून एक छोटा बॉक्स जोडला की काम भागतं. जो भाग लवकर जुना होतो तो वेगळा काढता आला पाहिजे. घसाऱ्याचा धडा म्हणतात तो हाच.

माळ्यावरचे जुने संच

शेवटची विनंती महत्त्वाची. आपल्या इमारतीत अजून काही घरांत माळ्यावर, आणि दोन तर पार्किंगच्या जिन्याखाली, जुने ट्यूबचे टीव्ही पडून आहेत. ते भंगारवाल्याला देऊ नका. त्याला हवं असतं मानेभोवतीचं तांबं. ते काढून तो काच फोडून टाकतो. क्ष-किरण बाहेर येऊ नयेत म्हणून त्या काचेत शिसं घातलेलं असतं, आणि ते शेवटी कचऱ्याच्या ढिगात, मातीत जातं. ट्यूब निर्वात असल्यामुळे फुटताना इजाही होते. ई-कचऱ्याचे नियम देशात २०१२ पासून लागू आहेत, अधिकृत पुनर्वापर केंद्रं उपलब्ध आहेत. नवीन टीव्ही येईल त्या आठवड्यात एक दिवस ठरवून प्लाझ्मासकट सगळे जुने संच एकाच गाडीत पाठवू. यादी करायला आणि पावती घ्यायला मी तयार आहे, ती सवय अजून गेलेली नाही.

नवा टीव्हीही एक दिवस अनाथ होणार, सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत कोणीतरी त्यावर लिहील. पण मधल्या वर्षांत दुपारी चारला सभागृहाचे दिवे लागले, चहाचा थर्मास आला आणि चौदाचे वीस झाले, तर एक लाख दहा हजारांचा खर्च मी तरी योग्य गुंतवणूक म्हणून मंजूर करीन. सर्व सभासद बंधू-भगिनींना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.